टोपी सगळ्यांना आठवते, फेस पार्कर नाही

शनिवार, रात्र

गेले काही दिवस जेवणं उरकली की फेस पार्करचे जुने एपिसोड बघतेय. या माणसाला नट म्हणून कुणी हिशोबातच धरलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. डेव्ही क्रॉकेट (एकोणिसाव्या शतकातला खराखुरा अमेरिकन शिकारी आणि पुढारी, डिस्नीच्या टीव्ही मालिकेत ते काम पार्करने केलं) म्हटलं की रकूनच्या कातड्याची ती शेपटीवाली टोपी आठवते, १९५५ मध्ये अमेरिकेतली पोरंसोरं ती घालून हिंडायची, गाणंही सगळ्यांच्या तोंडी होतं, पण टोपीखालच्या त्या उंचापुऱ्या टेक्सासच्या माणसाने काय काम केलंय ते कोण बोलतं?

त्याची निवड कशी झाली बघा. १९५४ च्या 'देम!' मध्ये, तो महाकाय मुंग्यांचा सिनेमा, त्याचा एकच छोटा सीन आहे. पायलटने विमानातून मुंग्या बघितल्यात, कुणाचा विश्वास नाही, वेडा समजून हॉस्पिटलात ठेवलंय. डिस्नीची मंडळी क्रॉकेटच्या कामासाठी खरं तर त्यातल्या दुसऱ्या नटाला, जेम्स आर्नेसला, बघायला बसली होती, आणि वॉल्ट डिस्नीची नजर याच्यावर गेली. तेवढ्याशा सीनमध्ये तो आरडाओरडा करत नाही, समोरच्याला पटवायला बघतो, आणि आपल्यालाच त्याची बाजू घ्यावीशी वाटते.

मग १५ डिसेंबर १९५४ ला पहिला भाग, फेब्रुवारीत तिसऱ्या भागात अलामोची लढाई, जिच्यात क्रॉकेट मेला, आणि गोष्ट संपली सुद्धा. एवढं वेड लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे नंतर मागच्या काळातले आणखी दोन भाग काढावे लागले. मला सगळ्यात आवडतो तो दुसरा, क्रॉकेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जातो तो. त्यात घरून पत्र येतं, बायको गेली. पार्कर रडत नाही, काही मोठं बोलत नाही, एकटाच बाजूला चालत जातो. अशा जागी छाती पिटणारे नट आपण खूप बघितलेत, हे असं आवरून धरणं जास्त अवघड असतं असं माझं ठाम मत आहे. याच भागात तो अमेरिकेतल्या मूळ रहिवासी इंडियन लोकांना त्यांच्या जमिनीवरून हटवणाऱ्या बिलाच्या विरोधात उभा राहतो, आणि खऱ्या क्रॉकेटनेही १८३० मध्ये विरोधातच मत दिलं होतं, पुढच्याच निवडणुकीत पडला बिचारा. पार्कर ते भाषण साध्या आवाजात करतो म्हणून खरं वाटतं.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'साठी त्याला मागितलं होतं, डिस्नीने सोडलंच नाही, तो रोल जेफ्री हंटरला गेला. मेरिलिन मन्रोचा 'बस स्टॉप' पण असाच हातचा गेला. आपल्याकडे अरुण गोविलना लोक रामच समजत राहिले, दुसऱ्या कामात बघायलाच तयार नव्हते, तसंच काहीसं, फक्त इथे दार स्टुडिओनेच लावून घेतलं. १९५८ ला तो बाहेर पडला.

१९६४ मध्ये एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर 'डॅनियल बून' आलं, क्रॉकेटसारख्याच दुसऱ्या एका खऱ्या रानवाटा तुडवणाऱ्या माणसावरची मालिका, आणि परत तीच टोपी डोक्यावर! खरा बून रकूनची टोपी घालत नव्हता, पण प्रेक्षकांना तीच हवी. सहा सीझन चाललं, १९७० पर्यंत. इथे तो नुसता पगारी नट नव्हता, निर्मितीत त्याचा वाटा होता, काही भाग त्याने स्वतः डिरेक्टही केले. नंतर सॅन्टा बार्बराकडे हॉटेल, द्राक्षमळे, वाइनरी असा व्याप उभा केला, २०१० मध्ये ८५ व्या वर्षी गेला.

'बून'चे १६५ भाग आहेत, पहिला सीझन ब्लॅक अँड व्हाईट, पुढचे रंगीत. उद्यापासून ते सुरू करणारे, आणि क्रमाने न जाता आधी त्याने स्वतः डिरेक्ट केलेले बघणारे, कारण हातात सूत्रं आल्यावर तो स्वतःला कसं वापरतो ते मला बघायचंय.