राखलेली पुस्तकं, राखलेलं पाणी

सोमवार

सकाळ नॉरिचच्या मिलेनियम लायब्ररीत गेली. नॉरिच म्हणजे इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटीचं, आपल्या भाषेत जिल्ह्याचं, मुख्य शहर. फोरम नावाची घोड्याच्या नालेच्या आकाराची ही मोठी इमारत. पुढची सगळी बाजू काचेची, आणि काचेतून समोरच सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चचा मनोरा दिसतो. आत जाताना कुणी अडवत नाही. सही करा नाही, पिशवी बाहेर ठेवा नाही, सभासद आहात का नाही. खुर्ची ओढून दिवसभर वाचत बसावं. पुस्तक घरी न्यायचं तर कार्ड लागतं, पण तेही फुकट. काउंटीत राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या माणसाला मोफत पुस्तक देणं हे 1964 च्या कायद्यानं स्थानिक प्रशासनाचं कर्तव्यच ठरवलं आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. अनामत आणि वर्गणी घेतल्याशिवाय आम्हाला पुस्तक देता येत नसे, कारण वर्तमानपत्रांची बिलंसुद्धा त्या वर्गणीतूनच भागवायची असत. म्हणून हे उघडं दार कितीदाही पाहिलं तरी मला त्याचं अप्रूप वाटतं.

ते उघडं राहावं म्हणून इथल्या लोकांनी बरंच सोसलं आहे. 1850 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तेव्हा तो सगळ्यांत आधी स्वीकारला नॉरिचनं. त्याच्याही आधी, 1608 पासून, शहराचं स्वतःचं ग्रंथालय होतं. त्या काळची पुस्तकं आज याच इमारतीतल्या हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. मग 1 ऑगस्ट 1994 चा दिवस उजाडला. जुन्या मध्यवर्ती ग्रंथालयाला विजेच्या बिघाडानं आग लागली आणि एक लाखाहून जास्त पुस्तकं जळाली. तळघरात काउंटीचं जुनं दप्तर होतं, शतकानुशतकांचे दस्तऐवज. ते आगीतून वाचले, पण बंबांच्या पाण्यानं ओले झाले. वाळवी आणि पावसाळ्यात गळणारं छत एवढ्यांशीच माझी गाठ पडलेली, तरी हे वाचताना हात थरथरले. एकेक पुस्तक दाखल करून घेतलेल्या माणसालाच ती राख किती जड असेल ते कळतं.

जळालेल्या पुस्तकांत एक स्मारकही होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाची सेकंड एअर डिव्हिजन या भागातल्या धावपट्ट्यांवरून उडत असे. तिचे सुमारे 7,000 जवान परत आले नाहीत. युद्ध संपतानाच त्यांच्या सोबत्यांनी आपसात वर्गणी काढली आणि स्मारक म्हणून वाचनालय उभारायचं ठरवलं. ते 1963 मध्ये सुरू झालं. आगीनंतर तेही नव्यानं उभं राहिलं, 2001 मध्ये याच इमारतीत. आज तिथे एक शाळकरी मुलगा जमिनीवर मांडी घालून चित्रांचं पुस्तक वाचत होता. मेलेल्यांची आठवण ठेवायची याहून चांगली तऱ्हा मला ठाऊक नाही.

मंगळवार

दिवसभर पाऊस. घरातच. लायब्ररीतून आणलेली पत्रकं आणि बसची वेळापत्रकं पसरून बसले. इथल्या लायब्रऱ्यांत पुस्तकांइतकंच या पत्रकांना महत्त्व असतं: कोणती पायवाट कुठे निघते, कुठल्या राखीव जागेत चाकाची खुर्ची जाईल, कुत्रा कुठे चालेल. परक्या माणसाला गावात शिरायला याचाच आधार होतो.

बुधवार

लेकीनं रजा काढली आणि ब्रॉड्सवरच्या रॅनवर्थला नेलं. ब्रॉड्स म्हणजे नॉरफोकच्या पूर्वेकडची उथळ तळी, एकमेकींना नद्यांनी जोडलेली. पाहिली की वाटतं ही सृष्टीनंच घडवली. शेकडो वर्षं सगळ्यांना तसंच वाटत होतं. 1950 च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या काठांत जागोजाग भोकं पाडून माती वर काढली, तेव्हा दिसलं की तळ्यांचे काठ भिंतीसारखे सरळ खाली उतरतात. नैसर्गिक तळं असं नसतं. मध्ययुगात इथल्या लोकांनी जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत कुजून साठलेल्या वनस्पतींची माती, खणून काढली होती. पुढे समुद्राची पातळी चढली, खड्डे भरले आणि तळी झाली. एका बाईनं हाती चिखल घेऊन केलेल्या कामानं एका प्रदेशाचा इतिहास बदलला. हे वाचल्यापासून मी त्यांची भक्त झाले आहे.

रॅनवर्थला नॉरफोक वाइल्डलाइफ ट्रस्टचं माहिती केंद्र चक्क पाण्यावर तरंगतं, वर गवताचं छप्पर. तिथवर लाकडी फळ्यांची वाट जाते. आधी ओकची झाडं, मग चिखलात उभी अल्डरची झाडं, मग माणसाहून उंच रीड नावाचं पाणगवत आणि शेवटी मोकळं पाणी. तळं हळूहळू जंगल कसं होतं ते या वाटेवर उलट्या क्रमानं चालत बघायचं. पाण्यात रीड वाढतं, मरतं, त्याचा थर साचतो, त्यावर झुडपं येतात, मग झाडं. कुणी हात लावला नाही तर पाणी संपून रान उरतं. म्हणजे इथे राखायचं याचा अर्थ नुसतं कुंपण घालून बाजूला होणं नाही, दर वर्षी घाम गाळणं आहे. ही गोष्ट मला वाटेवर उभं राहून पहिल्यांदा नीट समजली.

येताना हाऊ हिलला टोड होल कॉटेज पाहिलं. दलदलीत राबणाऱ्या, ईल मासे धरणाऱ्या माणसाचं हे घर. खोल्या इवल्याशा. आता तेच संग्रहालय आहे आणि तेच माहिती केंद्रही. नकाशा मागायला आलेला माणूस आधी त्या घरातून फिरतो. ज्यांच्या कष्टांवर हा प्रदेश उभा आहे त्यांच्या दारातून पाहुण्याला आत घ्यायचं, ही कल्पना ज्या कुणाची असेल त्याला माझा नमस्कार.

गुरुवार

क्लाय! समुद्रकाठची पाखरांची दलदल. कितीतरी दिवस मनात होतं. नॉरिचहून शेरिंगहॅमला जाणाऱ्या रेल्वेला बिटर्न लाइन म्हणतात. बिटर्न म्हणजे बगळ्याच्या कुळातलं पाखरू, आणि ते रीडमध्येच राहतं. शेरिंगहॅमहून पुढे किनाऱ्याची बस.

इथली दलदल 1926 मध्ये लिलावात निघाली. नॉरिचचे डॉक्टर सिडनी लाँग यांनी काही मित्रांना जमवून सुमारे 400 एकर जमीन विकत घेतली, पक्ष्यांना वीण करायला ती कायमची मोकळी राहावी म्हणून. ती सांभाळायला त्याच वर्षी जी संस्था स्थापन झाली तीच आजची नॉरफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट, देशातली पहिली काउंटी ट्रस्ट. आता तशा चाळीसहून जास्त आहेत. पैसे साठवून जमीन घेणारे डॉक्टर आपल्याकडेही असतात. पण घेतलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्याच नावावर न करता सगळ्यांची ठेवायची, याला मन मोठं लागतं.

माहिती केंद्राच्या खिडकीतून सगळी दलदल एका नजरेत येते, तिच्या पलीकडे गोट्यांचा बांध आणि मग समुद्र. एका वयस्कर स्वयंसेवकानं आपली दुर्बीण माझ्यासाठी खाली केली आणि अ‍ॅव्होसेट दाखवला. काळा-पांढरा, चोच वर वळलेली. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर मी याला पाहिलं आहे, पण पिल्लांसह आज पहिल्यांदाच. राखाडी कापसाचे गोळे चिखलात पळत होते आणि जवळ आलेल्या प्रत्येक बदकावर आई धावून जात होती. ब्रिटनमधून हा पक्षी 19व्या शतकात वीण करणारा म्हणून नाहीसा झाला होता. 1947 मध्ये शेजारच्या सफोकमध्ये परतला. बिटर्नची कथाही तशीच. 19व्या शतकाच्या अखेरीस त्याची वीण थांबली. 1911 मध्ये नॉरफोकच्या ब्रॉड्सवर एमा टर्नर या छायाचित्रकार बाईंना त्याचं पिल्लू सापडलं, तेव्हा तो परतल्याचा पुरावा मिळाला. पुन्हा संख्या घसरली. 1997 मध्ये सगळ्या देशात घुमणारे नर उरले 11. रीडची नव्यानं निगा राखल्यावर आता ते 200 च्या वर गेले आहेत.

त्या स्वयंसेवकाला मी मायणीच्या तलावाबद्दल सांगितलं. आमच्या खटाव तालुक्यातलं ते पाखरांचं पाणी. त्यानं विचारलं, तिथल्या वाचनालयात त्या पक्ष्यांची जुनी नोंद आहे का? नव्हती. दुष्काळी तालुक्यातल्या माणसांनी किती पावसाळ्यांत तलाव भरलेला पाहिला, रोहित कधी आले, कधी यायचे थांबले, हे म्हाताऱ्यांच्या तोंडीच राहिलं. माझ्या हाती कपाटं होती, कोऱ्या वह्या होत्या, संध्याकाळी वर्तमानपत्राला येणारे तेच म्हातारे होते. परत गेल्यावर नव्या ग्रंथपालाशी हे बोलायचं आहे.

समुद्राचं काय करायचं हा इथे मोठा प्रश्न आहे. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं आणि इंग्लंडच्या या किनाऱ्यावर 300 हून जास्त माणसं गेली. क्लायच्या दलदलीतही खारं पाणी शिरलं. डिसेंबर 2013 मध्ये ते पुन्हा शिरलं. पूर्वी गोट्यांचा बांध यंत्रांनी उंच करत. आता ते थांबवलं आहे, बांध आपल्या गतीनं पसरतो, मागे सरतो. गोड्या पाण्यातल्या पाखरांसाठी आतल्या भागात नव्या पाणथळी करायला घेतल्या आहेत. मला हे पटलं. समुद्राशी हट्ट धरण्यापेक्षा पाखरांना आधीच दुसरं घर बांधून ठेवणं शहाणपणाचं आहे.

शुक्रवार

थेटफर्डला एकटीच गेले. नदीतल्या बटन आयलंडवर महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावरचा पुतळा आहे, 1999 मध्ये बसवलेला. पंजाबचं राज्य गेलं तेव्हा ते लहान मूल होते. पुढे इंग्लंडला आणलं, जवळच एल्व्हडनला त्यांची हवेली होती आणि तिथेच त्यांना पुरलं. पण मी गेले होते त्यांच्या मुलासाठी. प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंग नॉरफोकमध्येच राहिले आणि इथल्या जुन्या वास्तू, जुनी चित्रं यांच्या अभ्यासात रमले. थेटफर्डमधलं एन्शंट हाउस, ट्यूडर काळातलं लाकडी घर, त्यांनी विकत घेऊन 1921 मध्ये गावाला दिलं. आज ते संग्रहालय आहे. तुळयांवरचं कोरीवकाम बघत मी बराच वेळ खाली बाकावर बसले. ज्याच्या घराण्याचं सगळं हिरावलं गेलं, त्यानं हिरावणाऱ्यांच्याच देशात एका लहानशा गावाचा वारसा पैसे मोजून वाचवला. मला भरून आलं आणि ते मी लपवणार नाही.

शनिवार

काउंटीतल्या छोट्या लायब्रऱ्यांबद्दल लेकीशी वाद झाला. नॉरफोकमध्ये 47 लायब्रऱ्या आहेत. इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत पैशांअभावी कित्येक लायब्रऱ्यांना टाळं लागलं. इथे बऱ्याच ठिकाणी कर्मचारी नसलेल्या वेळीही कार्ड दाखवून आणि आकडे दाबून दार उघडता येतं, पुस्तक आपलं आपण यंत्रावर नोंदवायचं. लेक म्हणते, "आई, बंद असण्यापेक्षा हे बरं ना?" बरं आहे, मान्य. रात्री सातला कामावरून येणाऱ्या नर्सला पुस्तक मिळतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण ज्याला काय वाचायचं तेच ठाऊक नाही तो कुणाला विचारणार? नोकरीचा अर्ज भरता न येणारा माणूस, बाळंतपणानंतर घरात कोंडलेली सून, रिकाम्या दुपारी नुसतं बोलायला येणारे आजोबा. माझ्या टेबलापाशी हेच लोक जास्त यायचे. क्लायला दुर्बीण तर होतीच, पण ती खाली करून देणारा माणूस नसता तर मला अ‍ॅव्होसेट दिसलाच नसता. यंत्र असू दे, पण टेबलामागची खुर्ची रिकामी ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं.

रविवार

स्ट्रम्पशॉ फेन, ब्रॉड्सवरचीच एक राखीव दलदल. ब्रंडलच्या स्टेशनवरून चालत गेलो, ऊन छान पडलं होतं. स्वॅलोटेल फुलपाखरू बघायचं होतं. ब्रिटनमध्ये ते या ब्रॉड्सवरच उरलं आहे, कारण त्याची अळी जगते मिल्क पार्सली नावाच्या झाडावर, आणि ते झाड येतं मोकळ्या दलदलीत. रीड कापलं नाही तर झुडपं माजतात, मिल्क पार्सली मरते आणि मग फुलपाखरूही जातं.

अकराच्या सुमारास दिसलं. पिवळं, काळ्या रेघांचं, तळहाताएवढं, मागे दोन शेपट्या. काट्याच्या फुलावर बसलं तेव्हा सगळे थांबले, सायकलवरची दोन पोरंसुद्धा. लेकीनं फोटो काढला, मी नुसती बघत राहिले. मघाशी रीडवरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी फिरत गेला होता, त्याचंही कौतुक त्या क्षणी विसरले.

माहिती केंद्रातल्या बाईंना विचारलं, रीड कधी कापता? हिवाळ्यात, म्हणाल्या, स्वयंसेवकही येतात, तुम्हीही या. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून कापायचं, मोळ्या बांधायच्या, वाहून न्यायच्या. माझ्या गुडघ्यांना पाणी झेपणार नाही, पण मोळ्या बांधता येतील, कडब्याच्या पेंढ्या बांधलेले हात आहेत. लेकीला सांगितलं आहे, पुढच्या खेपेचं तिकीट जूनचं नको, जानेवारीचं काढ, आणि गमबूट घेऊन ठेव.