तुम्ही विचारलंत म्हणून: आल्प्स नाही, तर मग कुठे?

"सह्याद्रीत दोन-तीन वर्षं माउंटन बाइक चालवली, आता एकदा युरोपात जायचंय. आल्प्समध्ये कुठे जाऊ?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. पहिल्या खेपेला आल्प्स नको. आइन्साला जा.

आइन्सा स्पेनच्या आरागोनमध्ये, पिरेनीजच्या दक्षिण अंगाला आहे. सिंका आणि आरा या नद्यांच्या संगमावरच्या टेकाडावर वसलेलं दगडी गाव, त्याच्या डोक्यावर पेन्या मोंतान्येसाचा कडा आणि भोवतीच्या मुलखाचं नाव सोब्रार्बे. एंड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइकच्या जागतिक शर्यतमालिकेची फेरी इथे 2015 आणि 2018 मध्ये झाली, त्यामुळे युरोपातल्या सायकलवाल्यांना हे नाव ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र फारसं कोणी घेत नाही.

माझ्या आग्रहाचं पहिलं कारण म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी. त्या वेळी आल्प्समधल्या उंच वाटांवर बर्फ असतो आणि सायकलींसह माणसांना वर नेणाऱ्या बहुतेक लिफ्टही बंद असतात. आइन्सा जेमतेम 600 मीटरवर आहे. एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हे तिथले खरे दिवस. जुलै-ऑगस्ट टाळा, दुपारी पारा पस्तिशीपर्यंत जातो आणि त्या उघड्या धारांवर सावलीचं झाड सापडत नाही.

या वाटा मुळात खेचरांच्या आहेत. गावं ओस पडली, पाणंदी झुडपांनी बुजल्या. पुढे स्थानिक सायकलवाल्यांनी त्या मोकळ्या केल्या, फाट्याफाट्यावर पाट्या लावल्या. झोना झीरो या नावाने हे जाळं ओळखलं जातं. हिरवी, निळी, लाल, काळी अशी चढती अवघड श्रेणी. आपल्याकडे कितीही सराईत असलात तरी पहिला दिवस निळ्यावर काढा. तिथली लाल वाट म्हणजे दगडी पायऱ्या आणि हॅंडल जेमतेम वळेल एवढी वळणं.

या वाटांवर लिफ्ट नाही. एक तर व्हॅनने वर जायचं, नाही तर पायडल मारत. पायडल मारणार असाल तर दिवसाला 25-30 किलोमीटर आणि हजार-बाराशे मीटर चढाई धरा. म्हणजे पायथ्यापासून सिंहगडाचा घाट लागोपाठ दोनदा. हे जमत नसेल तर निघण्याआधी तीन महिने तोच घाट गाठा, तोवर महागड्या सायकलीचा विचारही नको.

आता मातीबद्दल, कारण तिथला दिवस मातीच ठरवते. आइन्साच्या आसपासच्या उघड्या करड्या टेकड्या मार्लच्या आहेत, म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमातीच्या. कोरडी असताना तिच्यावर टायर असा धरतो की उतार आहे त्यापेक्षा सोपा वाटायला लागतो. पाऊस पडला की हीच माती आपल्या काळ्या रानासारखी वागते. दहा मीटरमध्ये चाक फोर्कमध्ये अडकतं, चिखल डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, कोंबला जातो आणि तरीही जोर लावून पायडल मारलंत तर हॅंगर, म्हणजे डिरेलर जिथे फ्रेमला जोडतात तो छोटा तुकडा, मोडतो. शिवाय ओल्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात, त्या मागून येणाऱ्यांना भोगाव्या लागतात. म्हणून चांगला पाऊस झाला की करड्या मातीला एक-दोन दिवस ऊन-वारा खाऊ द्या आणि तोवर दगडगोट्यांच्या वाटा धरा. आज कुठली वाट चालेल हे सकाळी सायकलच्या दुकानात विचारा.

सायकल इथून नेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. 140 ते 160 मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबतं ते), ड्रॉपर सीटपोस्ट (चालवता चालवता सीट खाली-वर करणारा दांडा), पुढच्या ब्रेकला 200 मिमीची डिस्क. इलेक्ट्रिक सायकल नेण्याचा तर प्रश्नच नाही: विमानात बॅटरीची मर्यादा 160 वॉट-तास आणि या बॅटऱ्या सहसा 500 च्या वर असतात. फक्त आपले पायडल, हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड न्या. स्पेनमध्ये गावाबाहेर सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे.

सायकल ताब्यात घेताना सगळ्यात आधी ब्रेक बघा. आपल्या हाताला मोटरसायकलची सवय, उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक. स्पेनमध्ये सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. घाबरून "मागचा" दाबायला जाता, पुढचा कचकन लागतो आणि माणूस हॅंडलवरून पुढे जातो. दुकानदाराला सांगून डाव्या-उजव्या लिव्हरची अदलाबदल करून घ्या. ते नाही जमलं तर पहिला तासभर सपाटीवर सराव करा.

दुसरं टायर. 75 किलोच्या माणसाला हवेचा दाब पुढे 22-23 आणि मागे 25-26 पीएसआय. कमी ठेवलंत तर चुनखडीच्या धारेवर रिम आपटतो, जास्त ठेवलंत तर सुट्या गोट्यांवर पकड जाते. टायर ट्यूबलेसच हवा. एरिथोन नावाचं काटेरी झुडूप वाटेच्या दोन्ही कडांना असतं, ट्यूब असेल तर दिवस पंक्चर काढण्यातच जातो. आत सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, किती दिवसांपूर्वी भरलंय ते विचारा. 29 इंची चाकाला 80-100 मिली लागतं आणि उष्ण हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. पाठीवर त्याच सायकलचा जादा हॅंगर, तुटलेली चेन जोडायचा क्विक लिंक आणि ब्रेक पॅडचा एक जोड असू द्या. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला की पॅड तापून गुळगुळीत होतात आणि नेमके खाली साथ सोडतात. वळणाआधी जोरात दाबा, वळताना सोडा.

आइन्साला रेल्वे नाही. बार्सिलोनाहून गाडीने साडेतीन तास, झारागोझाहून दोन. गाडी चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागेल. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, पण त्यात माउंटन बाइकिंग धरलंय का ते पॉलिसीत शोधा. बऱ्याचदा ते साहसी खेळांत ढकलून वगळलेलं असतं. ओर्देसा राष्ट्रीय उद्यान जवळच आहे, मात्र त्याच्या पायवाटांवर सायकल चालत नाही. तिथे पायी जा.

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. एन्सालादा मिक्स्ता, म्हणजे साध्या सॅलडवरही ट्यूना मासा येतो, चण्याच्या आमटीत सॉसेज. एकेक नाव घेऊन नको म्हणा. दुपारचं जेवण साधारण दीड-दोन ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद, त्यामुळे पिशवीत खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवा.

आणि पाऊस लागलाच, तर सायकल ठेवून आरा नदीकाठच्या हानोवासला जा. धरणासाठी 1960 च्या दशकात हे गाव उठवलं, घरं सुरुंगाने उडवली आणि धरण झालंच नाही. आता उठवलेल्यांची कुटुंबं परत येऊन त्याच पायावर घरं उभारतायत.