माणशी 23 किलो

विमानात माणशी 23 किलो सामान आणि हातात 7. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्याच्या आमच्या घरात गणपतीला जो भाताचा टोप लागतो, तो एकटाच या हिशेबातला बराच भाग खाईल. वर झाकण वेगळं.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, वहिनीला घेऊन न्यूझीलंडला निघाला तेव्हा हा हिशेब घरात सुरू झाला. दादा दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला, निम्मं आयुष्य हापूसच्या कलमांखाली काढलेला. त्याला तिकडे 'ते पुके' नावाच्या गावाजवळ किवीच्या बागेत काम मिळालं. किवीचे वेल मांडवावर चढवतात आणि फळं मांडवाखाली उभं राहून काढतात. तोडणी साधारण मार्चपासून, म्हणजे ऐन आपल्या आंब्याच्या दिवसांत. त्यामुळे मधे येऊन-जाऊन दोन्हीकडचं बघता येईल ही आशा पहिल्याच दिवशी संपली. राहायला दोन खोल्या आणि एक शेगडी. पुण्या-मुंबईच्या भावंडांना हे फार आवडलं. "मिनिमलिझम रे दादा, आम्हाला जमत नाही ते तू करतोयस!" दादा म्हणाला, "त्यांनी दोनच खोल्या दिल्यात. त्याला मी काय करू?"

विकत घेतलेल्या वस्तू भराभर गेल्या. फ्रिज, टीव्ही, स्कूटर, प्लास्टिकच्या खुर्च्या. ज्यानं आधी विचारलं त्यानं नेल्या, कुणाचे डोळे भरले नाहीत. वहिनीच्या मिक्सरला शेजारच्या माईंनी "मेलं फार ओरडतं" असं म्हणत पदराखाली झाकून नेलं. इथवर मलाही वाटलं, की सोपं आहे.

मग शिडी लावली आणि आम्ही माळ्यावर गेलो.

आमच्याकडे टाकून देणं नावाचा प्रकार नाही. वस्तू निकामी झाली की ती माळ्यावर जाते. रोवळ्या, सुपं, बूड गेलेलं घंगाळ, दांडा नसलेली खोरी, पायली, शेर, मापटं, एका पायाची घडवंची, कुणाच्या तरी पाळण्याची साखळी, आणि पानांची इरली, ज्यांना हात लावला की भुगा. वस्तू हातात घेऊन 'हिच्याने आनंद होतो का' असं स्वतःला विचारायचं, अशी एक जपानी पद्धत हल्ली सगळ्यांना माहीत आहे. आम्ही ती अडकित्त्यावर करून पाहिली. दादाचं बोट लहानपणी त्याच अडकित्त्यात सापडलं होतं. आनंद अजिबात झाला नाही, आणि अडकित्ता ठेवला.

खरी पंचाईत पितळेची. भांडी घासून बाहेर काढली आणि प्रत्येकावर नाव निघालं. 'कै. आईचे स्मरणार्थ'. 'मुंजीप्रीत्यर्थ शके 1871'. एका हंड्यावर आजोबांच्या बहिणीचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर जे नाव होतं तो माणूस आमच्यापैकी कुणालाच आठवेना. मोडीत घालायची तर भांडीवाला वजनावर पैसे देतो. पण आजीच्या नावाचं वजन करून पैसे खिशात घालायचा अधिकार दादाचा की माझा की बोरिवलीच्या धाकट्या काकाचा? आगराचा, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेचा, सातबारा काढला तरी तीच कथा. नावांची रांग, त्यातली काही मयत, काही बेपत्ता म्हणावीत इतकी लांब, आणि सगळ्यांपुढे 'सामाईक'. दादा त्या आगराला वीस-पंचवीस वर्षं शिंपणं घालत होता, पण त्यातला माड कुणाला देऊन टाकायचा म्हटला असता तर त्याला तो देता आला नसता.

त्यागाच्या गोष्टी ऐकताना हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्याग करायचा तर आधी वस्तू निखळ आपली असावी लागते. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती असते. पावतीवर आपलं एकट्याचं नाव असतं, म्हणून ती सोडल्याचा अभिमानही बाळगता येतो. दादाकडे स्वतःचं म्हणावं असं जे होतं ते त्या फ्रिज-स्कूटरबरोबर संपलं होतं. उरलेल्या घरातून त्याला फक्त उठून जायचं होतं.

याच घरानं एकदा एका दुपारी भरपूर सामान सोडलं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलं उडाली, माळा भिजला, आगरात माड-पोफळी आडव्या झाल्या. काय ठेवायचं नि काय नाही ते वाऱ्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांची पातेली ओळखून परत देत होते. नावं घातलेली असतात ती त्यासाठीही.

आणि आमच्या जिल्ह्याला परदेशातलं साधं राहणं काही नवीन नाही. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी 1885 मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्या दृष्टीनं परदेश तो हाच. बरोबर आणलेलं जडजवाहीर वर्षानुवर्षं विकत त्यानं दिवस काढले. राजवाडा बांधून मिळाला तो 1910 च्या सुमाराला, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. पर्यटक तिथं उभे राहून फोटो काढतात. मला तिथं दर वेळी एकच प्रश्न पडतो, की निघताना सामान भरायला त्याला किती वेळ मिळाला असेल.

दादाला वेळ भरपूर होता, पण न्यूझीलंडचे नियम कडक. खाण्याचा पदार्थ, लाकूड, बियाणं, वापरलेली पादत्राणं, सगळं उतरल्यावर जाहीर करायचं. लपवलं तर जागेवर तिथले 400 डॉलर दंड. वहिनीची लाकडी पाटाची विळी म्हणून राहिली. सोलं, आंबोशी, कुळथाचं पीठ वहिनीनं घेतलं, यादी करून, वर 'जाहीर करणे' असं लाल पेनानं लिहून. दादाचे बागेतले बूट मात्र तिनं तीनदा घासले. तिकडे मातीचा कणही चालत नाही, आणि आमची जांभ्याची तांबडी माती शिवणीत शिरली की तिथंच घर करते. शेवटी जुना टूथब्रश घेतला. बूट इतके स्वच्छ झाले की दादाला ते आपले वाटेनात.

दोघांचं मिळून सामान मर्यादेच्या आत भरलं. माई वजनकाट्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्यात संसार होतो होय रे? मग आम्ही मेल्यांनी जन्मभर काय उचललं?" यावर कुणी उत्तर दिलं नाही, चहा मात्र परत ठेवला.

आता दादा तिकडे पोचून स्थिरावला आहे. घराची किल्ली माईंकडे आहे आणि पितळ माळ्यावर. भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यांना मिनिमलिझम फार आवडला होता, त्यातल्या दोघींनी ते बूड गेलेलं घंगाळ मागितलं आहे. एकीला त्यात झाड लावायचं आहे, दुसरीला ते हॉलमध्ये ठेवायचं आहे. बोरिवलीचे काका म्हणतात, त्यावर त्यांच्या आईचं नाव आहे, तेव्हा प्रश्नच नाही. बूड बसवून घेतलं तर गणपतीत ते पाण्याला लागेल, असं माझं मत आहे. तेही मी कळवलं आहे.