मुडदा, बांध आणि काकू

उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टांचं, १९९८ च्या अधिसूचनेपासून, मुख्यतः मराठीत. या दोहोंच्या मधल्या फटीत माझ्यासारख्यांची चूल पेटते. फिर्यादी, पंचनामे, जबाब, खरेदीखतं असं वकिलांकडून येतं. मी ते इंग्रजीत करते आणि भाषांतर मुळाबरहुकूम आहे म्हणून खाली सही ठोकते. बरंचसं काम डोळे मिटून होतं. फिर्यादींचं तर विशेषच. 'शिवीगाळ, दमदाटी करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जिवे मारण्याची धमकी दिली' हे वाक्य चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळीकडे सारखंच. भांडण म्हशीवरून असो की पार्किंगवरून. त्याचं इंग्रजी माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतं.

त्या दिवशीची फाईल सांगलीकडच्या एका गावची. बांधाचं भांडण. पुतण्यानं सत्तरीच्या चुलतीवर गुन्हा दाखल केला होता आणि चुलतीचे वकील क्वॉशिंगसाठी, म्हणजे तो गुन्हा रद्द करून घ्यायला, हायकोर्टात निघाले होते. कलम भारतीय न्याय संहितेचं ३५१. साधी धमकी असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, ठार मारण्याची असेल तर सात वर्षांपर्यंत.

फाईलमध्ये एकाच भांडणाचे दोन कागद होते. एक, त्याच संध्याकाळी पुतण्यानं वहीच्या पानावर हातानं लिहिलेला अर्ज : 'काकू मला म्हनली तुझा मुडदा बशिवला, बांधाला हात लावतोस काय.' दुसरा, दोन दिवसांनी टाइप झालेली फिर्याद : 'तुझा मुडदा पाडते, असे म्हणून जिवे मारण्याची धमकी दिली.'

बशिवला आणि पाडते. टाइप करणाऱ्यानं मुद्दाम बदललं असेल असं मला वाटत नाही. बोलीतलं कागदावर घेताना 'नीट' करायची सवय असते, आणि तयार साचा हाताशी असला की बोट आपोआप तिकडेच जातं. पण क्रियापद बदललं आणि बाई दोन वर्षांवरून सात वर्षांवर गेली.

'मुडदा पाडते' मध्ये पाडणारी कोण ते स्वच्छ आहे, आणि पाडायचा अजून बाकी आहे. 'मुडदा बशिवला' मध्ये बसवणारा कोण? कुणीच नाही. कधी बसवला? होऊन गेलं म्हणे. आणि ज्याचा बसवला तो तर फावडं घेऊन समोर उभा! आपल्याकडच्या, त्यातून बायकांच्या तोंडच्या, पुष्कळ शिव्याशापांची ही खोडच आहे. मेल्या, मुडद्या, वाटोळं झालं तुझं. सगळं आधीच उरकलेलं. ज्याला खरंच काही करायचंय तो भविष्यकाळात बोलतो. 'मेली लाईट गेली', 'मेलं काही सुचत नाही' असं आपण दिवसभर बोलतो, तेव्हा त्या 'मेल्या'त मरण औषधालाही नसतं.

एम.ए.ला घोकलेला मम्मट इथे कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. अकराव्या शतकातला हा काश्मिरी काव्यशास्त्री लक्षणेच्या, म्हणजे शब्द मूळ अर्थ सोडून दुसराच अर्थ देतो त्याच्या, अटी सांगतो : शब्दाचा मूळ अर्थ आडला पाहिजे, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध पाहिजे, आणि त्यामागे एक तर रूढी पाहिजे, नाही तर काही हेतू. रूढीचं त्याचं उदाहरण 'कुशल' हे. मूळ अर्थ कुश नावाचं गवत खुडून आणणारा. आज कुशल कारागीर म्हणताना गवत कुणाच्या डोळ्यांपुढे येतं? तसंच हे. जिवंत उभ्या माणसाचा मुडदा बसवला म्हटल्यावर मूळ अर्थ जागच्या जागी आडतो आणि ऐकणारा रूढीनं पुढे जातो : म्हातारी चिडली आहे.

दुपारी वकिलांचा फोन आला.

"मॅडम, ते पहिल्या अर्जातलं वाक्य आहे ना, त्याचं 'आय ॲम व्हेरी ॲनॉइड विथ यू' असं काहीतरी करा."

"तसं त्या म्हणाल्या नाहीत."

"पण अर्थ तोच ना?"

"अर्थ कोर्टानं काढायचा. मी शब्द देणार."

"अहो, शब्द दिलात तर 'कॉर्प्स' येणार. आणि मॅटर परप्रांतातून आलेल्या जजसाहेबांपुढे लागलं तर मी 'कॉर्प्स' कसा समजावू?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कोणताही कोश उघडा, मुडदा म्हणजे प्रेत. शब्दाला शब्द ठेवला तर वाक्य मूळ मराठीपेक्षा भयंकर होतं. आणि अर्थ ठेवायचा तर मी साक्षीदाराच्या तोंडात माझे शब्द घातल्यासारखं होतं. अशा वेळी माझा नियम ठरलेला आहे : वर शब्दशः, खाली टीप. दोन्ही वाक्यं मी जशी होती तशी केली, एकात भूतकाळ आणि दुसऱ्यात पुढे घडायचं ते. 'बशिवला'खाली टीप घातली, की हा ग्रामीण मराठीत रूढ असलेला शाप आहे, क्रियापद भूतकाळी आहे, आणि घरातली वडील माणसं तो रागानं, वैतागानं, कधी लाडानंही वापरतात.

'लाडानंही' लिहिताना हात जरा थबकला. त्या दिवशी बांधावर काय होतं ते टिपेत कसं येणार? शब्दाचा सूचित अर्थ कशाकशावर ठरतो याची यादी मम्मटानं दिली आहे : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग काय, जागा कोणती, वेळ कोणती. आणि काकू. ही काकू म्हणजे चुलती नव्हे, आवाजाचा चढउतार. पण या फाईलपुरत्या दोन्ही एकच होत्या. बाकी सगळं फिर्यादीत सापडतं : नातं, गट नंबर, सायंकाळी साडेपाचचा सुमार. आवाज तेवढा सापडत नाही. जबाब लिहून घेतला की तो पहिल्यांदा गळतो, आणि कायद्याला हवा असतो नेमका तोच, कारण ३५१ मध्ये समोरच्याला घाबरवण्याचा हेतू होता का हे बघतात.

संध्याकाळी मला वकिलांच्या ऑफिसात जायचंच होतं. इंग्रजी ॲफिडेव्हिट ज्याला वाचता येत नाही त्याला ते मराठीत समजावून सांगावं लागतं, आणि समजावणाऱ्यानंही सही करायची असते. म्हणजे मी इंग्रजीत नेलेलं त्या बाईंचंच वाक्य परत मराठीत आणून त्यांना ऐकवायचं. आमच्या धंद्यात असले विनोद होतात.

काकू खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मला वाटलं होतं, तोंडाच्या फटकळ असतील. छे! एकेक शब्द चाचपून बोलत होत्या. 'होय जी', 'नाही जी', मध्येच शाळामास्तरांसारखं 'माझे असे म्हणणे आहे'. बोललेलं लिहून घेतात आणि मग त्यावरून केस होते, एवढा धडा त्यांनी पक्का घेतला होता. मी टीप मराठीत सांगितली. त्यांनी मान तिरकी करून ऐकली.

"येवढं समदं त्या एका बोलण्यात हाय?"

"काकू, हे असंच आहे ना? नाही तर सही करू नका."

त्यांनी आधी वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ल्हान हुता तवा न्हाऊ घालताना रोज म्हनायची. साबण डोळ्यात गेला की पळायचा. तवा न्हाई भ्याला कधी." मग जरा थांबून, "बांधावर म्हनलं ते तसलं नव्हतं. मरावं आसं न्हवतं मनात. पर चांगलं बी न्हवतं काय."

वकील खोकले. ॲफिडेव्हिटमध्ये हेतू नव्हता एवढंच लिहिलं होतं आणि ते काकूंच्या बोलण्याशी जुळत होतं, त्यामुळे बदलायचं काही कारण नव्हतं. माझ्या टिपेतही राग, वैताग, लाड असं तिन्ही होतं. पण 'मरावं असं नव्हतं, चांगलंही नव्हतं' यासाठी मला अजून इंग्रजी वाक्य सापडलेलं नाही, आणि काव्यशास्त्रातला नेमका खानाही. त्याच शास्त्रातल्या आनंदवर्धनानं ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, इतके प्रकार केले; या मधल्या जागेला त्यानं काय म्हटलं असतं हे विचारायला मला आवडलं असतं.

काकूंनी अंगठा नाही, सही केली; सावकाश, मोडत मोडत. निघताना 'येते' म्हणाल्या. जाताना येते म्हणायचं हे कुठल्याच ॲफिडेव्हिटमध्ये बसलं नसतं.

हायकोर्टातला अर्ज सुनावणीला लागला तोवर भावकीतल्या लोकांनी मध्ये पडून दोघांना बसवलं होतं. घरगुती वादातला असला गुन्हा दोन्ही बाजू राजी असल्या तर उच्च न्यायालय रद्द करू शकतं, तसा तो झाला. 'पाडते' की 'बशिवला' यावर कुणाला काही बोलावंच लागलं नाही. तडजोडीचा मसुदा माझ्याकडेच आला. 'सदरची फिर्याद गैरसमजातून देण्यात आली असून उभयतांमध्ये आता कोणताही वाद उरलेला नाही.' हेही वाक्य माझ्या कॉम्प्युटरवर तयार असतं. बांध नेमका कुठून जातो याबद्दल मसुद्यात अक्षर नव्हतं. मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं, आणि या वेळी खाली टीप द्या असं कुणी म्हणालं नाही.