प्लास्तोवचा गुराखी

मॉस्कोत पाच दिवस होतो. लाल चौक, क्रेमलिन, मेट्रोची स्थानकं सगळं झालं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सहलवाल्यांनी रशियन चित्रांची जुनी त्रेत्याकोव गॅलरी दाखवली, पण त्या गर्दीत मला चित्रांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसल्या. तिचीच क्रिम्स्की वाल रस्त्यावरची नवी गॅलरी तर कार्यक्रमातच नव्हती. शेवटच्या दिवशी मंडळी खरेदीला गेली आणि मी हट्टाने एकटीच तिकडे गेले.

तिथे दिसलं रशियन चित्रकार अर्कादी प्लास्तोव यांचं १९४२ सालचं चित्र, 'फॅसिस्ट विमान येऊन गेलं'. आधी दिसतं नुसतं माळरान. पिवळी पडलेली कोवळी बर्चची झाडं, वाळकं गवत. मग त्या गवतात पालथा पडलेला गुराखी पोरगा दिसतो. शेजारी कुत्रं मान वर करून रडतंय. विमान मात्र शोधावं लागतं, लांब आभाळात, एवढंसं. मारणारा मागे वळूनही न बघता निघून गेलाय.

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या राखणदार आजी उठून जवळ आल्या. पोराकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "मालचिक." मुलगा. तेवढा शब्द मला येत होता.

प्लास्तोव व्होल्गा नदीकडच्या प्रिस्लोनिखा गावचे, जन्म १८९३. मॉस्कोत शिकले शिल्पकला, पण गावी परतून चित्रं काढत राहिले. १९३१च्या आगीत घर जळालं, तोवरचं जवळपास सगळं काम गेलं. तरी माणूस गाव सोडून गेला नाही. सोव्हिएत वास्तववाद म्हणजे सरकारी प्रचार, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्यांची १९४५ची 'गवतकापणी' बघावी. सरकारी स्टालिन पारितोषिक मिळालेलं चित्र आहे, मान्य. रानफुलांनी भरलेलं, उन्हात न्हालेलं कुरण आहे. पण लांब दांड्याचे विळे चालवतायत कोण? एक पोरगा, एक बाई आणि दोन म्हातारे. ऐन उमेदीचा पुरुष एकही नाही. युद्धात काय गेलं ते यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

माझे आबा लहानपणी माण तालुक्यात गुरं राखायचे. संध्याकाळी त्यांना गुराख्याच्या चित्राचा फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोनच आला.

"पोरगं गेलं व्हय गं?"

"हो आबा."

"मग गुरं कुणी न्हेली घरी?"