लेकीचं मेजर आणि माझं एक्सेल

गुढीपाडव्याच्या मंडळाच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या लायनीत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "मग, काय घेतीये लेक?" आणि मी "सायकॉलॉजी" म्हणलं की समोरचा एकदम हळू आवाजात "अच्छा... चांगलंय की" म्हणायचा, म्हणजे जसं कुणाचं ऑपरेशन आहे ऐकल्यावर म्हणतात तसं. खोटं कशाला बोलू, घरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही चेहरा तसाच झाला होता. मी सांगलीतून इंजिनीयरिंग केलेला माणूस, 2004 ला घराची कागदपत्रं बँकेत ठेवून एमएस करायला इकडे अमेरिकेत आलो, आमच्यावेळी मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, "निवडायचं" असतं हेच माहीत नव्हतं, मार्कांप्रमाणे जी ब्रांच लागली ती आपली.

मग काय, आपला धर्म एक्सेल. न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये दोन रात्री बसून मी शीट बनवलं, एका कॉलममध्ये मेजर, दुसऱ्यात पगार, तिसऱ्यात कर्ज. म्हणलं आकडेच दाखवतो हिला.

सरकारची कॉलेज स्कोअरकार्ड म्हणून साइट आहे, 2015 पासून, आणि 2019 च्या शेवटापासून तिथे नुसतं कॉलेज नाही तर त्या कॉलेजातल्या एकेका मेजरचे आकडे बघता येतात, पास झाल्यावर पोरं किती कमावतात आणि डोक्यावर किती कर्ज घेऊन बाहेर पडतात. मला वाटलेलं पगाराचा कॉलम जसा वरखाली नाचतो तसाच कर्जाचाही नाचेल. पगार नाचला. न्यूयॉर्क फेडचे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेचे, 2023 चे आकडे बघितले तर नुकत्याच पास झालेल्या, 22 ते 27 वयाच्या पोरांमध्ये कॉम्प्युटर सायन्सवाले मध्यावर साधारण 80 हजार डॉलर आणि सायकॉलॉजीवाले पंचेचाळीसच्या आसपास. पण कर्जाचा कॉलम बघतो तर सगळीकडे जवळजवळ सारखाच! इंजिनीयर असो, इतिहासवाला असो, सगळे वीस-पंचवीस हजाराच्या आगेमागे. आधी वाटलं माझाच फॉर्म्युला चुकला.

चुकला नव्हता. कारण फार साधं आहे, फेडरल लोन, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षणाचं कर्ज, पोराला किती द्यायचं ते मेजरवर ठरतच नाही. आईबापावर अवलंबून असलेल्या पोराला पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, मग पुढे 7,500 वर्षाला, चार वर्षांचे झाले 27,000, बास. नाटक शिक नाहीतर रोबॉट बनव, सरकारला फरक पडत नाही, व्याजदरही तोच. 2025-26 चा 6.39 टक्के धरला तर 27 हजाराचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला 305 डॉलरच्या जवळपास येतो. पंचेचाळीस हजार पगारात तो टोचतो, 80 हजारात कळतही नाही, पण बुडवत नाही कुणालाच.

मग लोक बुडतात कुठे? तर त्या कॉलममध्ये जे दिसतच नाही तिथे. स्कोअरकार्डवर समोर जो आकडा येतो त्यात फक्त पोराच्या नावावरचं फेडरल कर्ज असतं, ते पण ज्यांनी कर्ज घेतलं त्यांचंच, आणि प्रायव्हेट बँकेचं कर्ज त्यात नाही, पेरेंट प्लस पण नाही. पेरेंट प्लस म्हणजे पोराच्या शिक्षणासाठी आईबापाने स्वतःच्या नावावर घ्यायचं लोन, 2025-26 ला 8.94 टक्के व्याज, वर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी आधीच कापून घेतात. आणि गंमत बघा, देताना तुमचा पगार किती हे विचारतच नाहीत, क्रेडिट हिस्टरी खराब नाही ना एवढंच बघतात! आमच्या अप्पांना बँकेने दहा लाखासाठी घराचा उतारा, जामीनदार, काय काय मागितलं होतं, इकडे दहा मिनिटांत ऑनलाइन.

आत्तापर्यंत हे लोन कॉलेजचा खर्च वजा मिळालेली मदत, एवढं सगळं घेता यायचं. 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्याने घेणाऱ्यांना मर्यादा आलीये, एका पोरामागे वर्षाला 20 हजार आणि एकूण 65 हजार. (त्याच कायद्यात असंही आहे की ज्या कोर्सची पोरं पास होऊन नुसत्या हायस्कूल पास माणसापेक्षा कमी कमावतात, त्या कोर्सला पुढे फेडरल लोन बंद होऊ शकतं.)

आता आमच्या घरातली केस. लेकीला दोन ठिकाणी आलंय, एक आपल्याच राज्यातलं सरकारी कॉलेज, दुसरं बॉस्टनजवळचं प्रायव्हेट, मेजर दोन्हीकडे तेच. साइटवर दोन्हीचं सायकॉलॉजीचं कर्ज बघितलं तर किरकोळ फरक. पण प्रायव्हेटला जायचं तर मला ती 65 हजाराची मर्यादा गाठावी लागणार, म्हणजे दहा वर्षं महिन्याला 820 डॉलर, तिचे 305 वेगळेच. म्हणजे मी दोन रात्री मेजरच्या नावाने खडे फोडत बसलो आणि खरा घोळ कॉलेजच्या नावात होता. कर्ज किती होणार ते कॉलेज ठरवतं, ते किती जड लागणार ते मेजर, आणि मंडळात सगळे विचारतात फक्त मेजर.

पगाराचा कॉलम पण जरा जपूनच वाचावा लागतो. फेडचे ते पगार फक्त बॅचलर्सवर थांबलेल्या, फुल टाइम काम करणाऱ्या लोकांचे आहेत, आणि सायकॉलॉजीवाले निम्मे तरी पुढे मास्टर्स वगैरे करतात, ते त्यात धरलेलेच नाहीत. अर्थात पुढे शिकायचं म्हणजे पुढे अजून कर्ज, हे मी तिला सांगितलं, तिने डोळे फिरवले. दुसरीकडे ज्या कॉम्प्युटरवर आपला सगळ्यांचा जीव, तिथे 2023 च्या आकड्यांत बेरोजगारी 6.1 टक्के, कॉम्प्युटर इंजिनीयरिंगला 7.5, आणि आर्ट हिस्टरीला 3! हे वाचून मी जोरात हसलो, मग खाली बघितलं तर आर्ट हिस्टरीवाले निम्म्याच्या आसपास डिग्री लागतच नाही अशा नोकऱ्यांत आहेत, तेव्हा हसू आवरलं. तरी श्रीखंडाच्या लायनीत "आमचा सीएस (कॉम्प्युटर सायन्स) करतोय" म्हणणाऱ्या मित्राचा मोठा मुलगा डिसेंबरपासून घरी बसून अर्ज भरतोय, हे त्याने पार्किंगमध्ये आल्यावर हळूच सांगितलं.

काल रात्री लेकीला खाली बोलावलं, शीट दाखवलं. तिने नीट बघितलं, माझ्यापेक्षा नीटच, मग विचारलं, "बाबा, हे पासष्ट हजार तू वेगळ्या टॅबमध्ये का ठेवलेस?" मी म्हणलं ते माझ्या नावावर आहेत ना, तुझ्या नाही. ती काही बोलली नाही. माऊस घेतला, ती रो उचलून पहिल्या टॅबमध्ये आणली, शेजारी एक नवीन कॉलम काढला आणि वर लिहिलं "हप्ता संपेल तेव्हा बाबाचं वय". आज 46, चार वर्षं कॉलेज, दहा वर्षं हप्ते. 60 लिहिलं आणि झोपायला गेली.

कॉलेजातली जागा पक्की करायचं डिपॉझिट 1 मे पर्यंत भरायचंय. अजून नऊ दिवस आहेत.