दादरचा साबुदाणा वडा घरच्या कढईत: सातव्या घाण्यापर्यंतची नोंद

मुंबईतल्या मराठी उपहारगृहांची यादी जुनीच आहे. शिवाजी पार्कजवळचं प्रकाश, गडकरी चौकातलं आस्वाद, दादर स्टेशनबाहेरचं १९१० पासूनचं मामा काणे, छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा बटाटेवडा आणि गिरगावात उतरलं तर ठाकूरद्वारचं विनय हेल्थ होम. आस्वाद त्या मानाने कालचं, १९८६ चं. त्यांच्या मिसळीने २०१५ साली लंडनचा जागतिक पुरस्कार आणला. पुन्हा पुन्हा जाण्यासारखे पदार्थ मात्र मिसळीपलीकडेही आहेत: साबुदाणा वडा, पीयूष, डाळिंबीची उसळ, कोथिंबीर वडी, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ. हेच पदार्थ घरी तसेच जमवायचा प्रयत्न चालू आहे; या खेपेची नोंद मुख्यतः साबुदाणा वड्याची आणि त्याच्या जोडीला पीयूषची. डाळिंबी थोडी पुढे सरकली आहे, तिचं शेवटी.

मोजपट्टी

ती आधी ठरवून घ्यावी, नाहीतर घरचा प्रत्येक वडा ‘छानच झालाय’ होतो. बशी समोर आली की वडा हाताने फोडायचा, चमच्याने नाही. वरचा पापुद्रा पातळ आणि कडक हवा, त्यावर फुगलेल्या दाण्यांचे बारीक फोड दिसायला हवेत. आतला साबुदाणा पारदर्शक झालेला, तरी दाणा दाण्यापासून वेगळा ओळखू यावा. फोडताना चिकट तार सुटली तर साबुदाणा जास्त भिजलाय किंवा बटाटा जास्त पडलाय. शेंगदाण्याचा तुकडा दाताखाली यायला हवा. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे वडा उचलल्यावर बशीत तेल किती राहिलं ते बघायचं.

वडा कढईतून निघाल्यावर सात-आठ मिनिटांतच मऊ पडायला लागतो. आतली वाफ बाहेर येताना पापुद्रा ओला करते, त्याला इलाज नाही. त्यामुळे पार्सलच्या डब्यातला साबुदाणा वडा घरी पोचेपर्यंत रबर झालेला असतो, आणि त्यावरून उपहारगृहाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथेच बसून, पहिला वडा संपवून मगच पीयूष मागवावं. संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवारी घाणे सतत निघतात, म्हणजे वडा गरम मिळण्याची खात्री जास्त. पण त्या दिवशी रांगही तशीच असते, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि पाठीमागे कोणीतरी तुमच्या ताटलीकडे बघत उभं असतं. शांतपणे खायचं असेल तर साधा वार आणि चारची वेळ बरी.

साबुदाणा

पहिल्या दोन घाण्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन्हींचा घोळ साबुदाण्यातच होता.

दुकानात दोन जाती मिळतात. पांढरा, अपारदर्शक दाणा खिचडी-वड्याचा. काचेसारखा चकचकीत असतो तो नायलॉन साबुदाणा. तो चिवड्यासाठी तळायला. नायलॉनचा वडा होत नाही, कितीही वेळ भिजवा. दोन्ही प्रामुख्याने तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतात आणि दोन्हींचा कच्चा माल एकच, टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च. फरक पुढच्या प्रक्रियेत आहे: ओल्या स्टार्चचे गोळे तव्यावर भाजले तर पांढरा दाणा तयार होतो, वाफवले तर नायलॉन.

माप कपाने घेतलं की दर वेळी वेगळं निघतं, म्हणून काट्यावर घ्या: २०० ग्रॅम साबुदाणा. दोन-तीनदा हलक्या हाताने धुवायचा, वरचं पांढरं पिठूळ पाणी जाईपर्यंत. हे पीठ राहिलं तर दाणे एकमेकांना चिकटतात. चाळणीत पूर्ण निथळून पसरट भांड्यात १७० मिलिलिटर पाणी घालायचं, झाकायचं आणि पाच तास ठेवायचं. खोल पातेल्यात खालचे दाणे पाण्यात बुडून लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात, म्हणून पसरट भांडं. दोन तासांनी एकदा हाताने वर-खाली करा.

भिजलाय का हे बघायला एकच दाणा दाबून भागत नाही. वरचा, मधला आणि तळाचा असे तीन दाणे घ्या. तिन्ही बोटांत सपाट झाले पाहिजेत, मध्ये कडक ठिपका लागता कामा नये. ठिपका लागला तर पाण्याचा हबका मारून अजून अर्धा तास. त्यानंतर दाणे कापडावर पसरून वीस मिनिटं वाळवायचे. ही पायरी तिसऱ्या घाण्यापासून धरली आणि वडे फुटणं जवळजवळ थांबलं.

वडा का फुटतो

नवख्यांसाठी हे नीट सांगतो, कारण यात हात भाजतो. दाण्याचा बाहेरचा थर गरम तेलात शिजून चिकट, बंद होतो. आत जास्तीचं पाणी असेल तर त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, आणि दाणा फुटून तेल उडवतो. कोरडा गाभा राहिलेला दाणाही उडतो, चिवड्यातल्या नायलॉन साबुदाण्यासारखा फुलून. म्हणजे कमी भिजलेला आणि जास्त ओला, दोन्ही वाईट. तिसरं कारण कडेच्या भेगा. वडा थापताना कड फाटली असेल तर तेल आत शिरतं आणि वडा उघडतो. कड बोटाने फिरवून गुळगुळीत केली की हे थांबतं.

पहिला वडा नेहमी एकटा सोडा आणि मिनिटभर लांब उभं राहा.

मिश्रण

सातव्या घाण्याचं माप असं:

भिजवलेला साबुदाणा (२०० ग्रॅम कोरड्याचा)
उकडलेला बटाटा २५० ग्रॅम, सोलून
भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट १०० ग्रॅम
हिरव्या मिरच्या ५, जिरं १ चहाचा चमचा, दोन्ही एकत्र ठेचून
साखर १ चमचा, लिंबाचा रस १ चमचा
मीठ दीड चमचा

यात साधारण ४८ ग्रॅमचे १५ वडे होतात. कोथिंबीर उपासाला चालते की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. चालत असेल तर मूठभर, पण धुऊन पूर्ण कोरडी केलेली.

बटाटा जुना हवा. नव्या बटाट्यात पाणी जास्त, त्याचा वडा आत ओलसर राहतो. कुकरच्या डब्यात पाणी न घालता सालासकट वाफवा. सोलल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि मग किसा. चौथा घाणा गरम बटाट्याने बिघडला: कुस्करताना गोंद झाला, त्याच्या उष्णतेने साबुदाणाही चिकट झाला आणि वडे आतून खळीसारखे लागले. बटाट्याचं काम फक्त बांधायचं. २५० ऐवजी ३५० ग्रॅम घातला तर वडा सुरेख वळतो, फुटत नाही, आणि खाताना बटाट्याची टिक्की लागते. सुरुवातीला वळायला सोपं जावं म्हणून बहुतेक जण इथेच चुकतात.

कूट मिक्सरला लावायचा तर थांबत थांबत, दोन-दोन सेकंदांचे चार झटके. सलग फिरवला की तेल सुटतं, कूट लादीसारखा बसतो आणि वड्यात त्याचे गोळे होतात. खलबत्त्यात केलेला उत्तम. शेंगदाणे मंद आचेवर, सालावर काळे डाग येईपर्यंत भाजून, गार करून, सालं पाखडून काढायची. कूट १५० ग्रॅमपर्यंत वाढवून पाहिला, पण वडा तळताना कडेने झडायला लागतो आणि झडलेला कूट तळाशी जळून पुढचा घाणा कडू करतो.

मीठ सगळ्यात शेवटी, वळायला बसायच्या आधी. मीठ, लिंबू, कोथिंबीर तिन्हींना पाणी सुटतं. मीठ घातलेलं मिश्रण अर्ध्या तासाच्या आत संपवायचं. पाहुणे उशिरा येणार असतील तर मीठ न घालता झाकून ठेवा.

तळण

लोखंडी कढई, शेंगदाण्याचं तेल, किमान पाच सेंटिमीटर खोल. तापमान १७५ अंश. थर्मामीटर नसेल तर मिश्रणाची शेंगदाण्याएवढी गोळी टाका: ती तळाशी टेकून तीन-चार सेकंदांत वर यावी. पडल्या पडल्या वर येऊन लाल झाली तर तेल जास्त तापलंय, तळाशीच बसली तर कमी.

वडा दीड सेंटिमीटर जाड, मधोमध किंचित दाबलेला. गोल लाडूसारखा वळला तर बाहेरून लाल होईपर्यंत आत पांढरा, कच्चा साबुदाणा राहतो. लिटरभर तेलात एका वेळी चारच. पाचवा टाकला की तापमान खाली येतं, वडे तेल पितात आणि विरघळायला लागतात. पाचव्या घाण्याला हेच झालं, सहा वडे एकदम. सोडल्यावर दीड मिनिट झारा लावायचा नाही. पापुद्रा धरायच्या आत हलवलं की तुकडे. मग उलटा आणि आच मध्यम ठेवून एकूण पाच-सहा मिनिटं. बुडबुडे कमी होऊन आवाज बारीक झाला की काढायचा. रंग बदामी, चॉकलेटी नाही. कागदावर सपाट ठेवू नका, खालची बाजू वाफेने मऊ पडते. जाळीवर उभा ठेवा.

सहाव्या घाण्यात पापुद्रा जमला पण मीठ कमी. सातव्यात दोन्ही जुळलं. दादरच्या वड्यापासून अजून एक गोष्ट लांब आहे: तिथला वडा सगळीकडून सारख्या रंगाचा येतो, इथे कड गडद आणि मध्य फिका. मोठ्या कढईतल्या भरपूर तेलाचा तो परिणाम असणार. आठव्या घाण्याला दीड लिटर तेल आणि तीनच वडे.

सोबत दाण्याची चटणी: अर्धी वाटी कूट, पाऊण वाटी घट्ट गोड दही, एक मिरची, मीठ, साखर. तिखट चटणीने वड्याची चव झाकते.

पीयूष

हे लवकर जमलं. पीयूष म्हणजे पातळ केलेलं श्रीखंड, पण तयार श्रीखंडाच्या डब्यात पाणी ओतून ते होत नाही. साखर जास्त होते आणि आंबटपणा हरवतो. म्हशीच्या दुधाचं ताजं दही एक किलो घेऊन कापडात आठ तास फ्रीजमध्येच टांगा. बाहेर टांगलं तर मे महिन्यात सकाळपर्यंत आंबट ढोण. त्यातला २५० ग्रॅम चक्का, १५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ असं एकत्र करून अर्धा तास ठेवायचं, पुरणयंत्रातून काढायचं आणि मग ५०० मिलिलिटर गार, ताजं, अजिबात आंबट नसलेलं ताक थोडं थोडं घालत रवीने किंवा हाताने सारखं करायचं. सगळं ताक एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात. मिक्सर नको: फेस येतो, आणि जास्त फिरलं तर लोण्याचे कण वेगळे होतात.

कोमट दुधात खललेल्या केशराच्या १०-१२ काड्या, पाव चमचा वेलचीपूड आणि जायफळ आयत्या वेळी किसून, चहाच्या चमच्याच्या टोकावर राहील एवढंच. जायफळ दुप्पट झालं की पीयूष कडवट लागतं आणि दुपारची झोप पक्की. तीन तास फ्रीजमध्ये. चमचा बुडवून काढल्यावर त्याच्या पाठीवर पातळ थर राहिला तर दाटपणा बरोबर.

डाळिंबी, अर्धवट

कडवे वाल २५० ग्रॅम, बारा तास भिजवून, कापडात बांधून २४ तास; थंडीत ३६. मोड अर्ध्या पेराएवढे झाले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, डाळिंबी सालातून उडी मारते. पाव किलोला दोघांचा पाऊण तास धरा. बाजारात सोललेले मिळतात, पण ते बऱ्याचदा तासन्‌तास पाण्यात बुडालेले असतात आणि शिजताना पटकन फुटतात.

तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. डाळिंब्या, आधणाचं पाणी जेमतेम बुडेल एवढं, झाकण, मंद आच. चमचा घालायचा नाही, पातेलंच धरून हिसडायचं. आमसूल डाळिंबी शिजल्यावरच. आधी घातलं तर आंबटाने दाणा शिजता शिजत नाही, मग आच वाढवली जाते आणि बाहेरून फुटून आत कच्ची राहते. नंतर गूळ, गोडा मसाला, ओलं खोबरं. आतापर्यंतच्या दोन्ही वेळा चव बसली, दाणे मात्र तिसरा हिस्सा तरी मोडले. पुढच्या वेळी खोल पातेल्याऐवजी पसरट लंगडी घेऊन, एकाच थरात.